पट्ट्याचा ताण

कराडला आमची पिठाची गिरणी होती. मोटर आणि जातं यांच्यामध्ये चामड्याचा रुंद पट्टा. पावसाळ्यात तो ओल धरायचा, सैल पडायचा, घसरायचा. वडील त्यावर राळ टाकत. तेवढ्यानं भागलं नाही, तर बोटभर तुकडा कापून, क्लिपा ठोकून पट्टा पुन्हा जोडत आणि दोन्ही पुल्यांच्या कडांना दोरी लावून रेष बघत. दोरी सरळ टेकल्याशिवाय दळण सुरू होत नसे.

पुढं मी मोटारसायकलींचा मेकॅनिक झालो. जुन्या गाड्यांबद्दल वाचताना वडिलांचा तो पट्टा मला पुन्हा भेटला. 1903 च्या पहिल्या हार्ले-डेव्हिडसनला चेन नव्हती, मागचं चाक चामडी पट्ट्यावर फिरायचं. 28 मे 1907 ला आइल ऑफ मॅनवर पहिली टीटी शर्यत झाली. 158 मैलांची. दोन सिलिंडरच्या गटात रेम फाउलर नॉर्टनवर जिंकला, पण पट्ट्यानं आणि स्पार्क प्लगांनी त्याला वाटेत पुरतं छळलं. त्या काळातले स्वार जादा क्लिपा जवळ बाळगत, पट्टा लांबला की रस्त्यातच कापून आखूड करत. वडील हे काम निदान छपराखाली करत होते.

1911 ला शर्यत स्नेफेल डोंगरावरच्या घाटरस्त्यावर गेली. तिथं मोठ्या गटातले पहिले तिन्ही नंबर इंडियन गाड्यांनी नेले. त्यांना चेन होती आणि दोन गिअर होते. चढावर घसरणाऱ्या पट्ट्याचे दिवस तिथून भरत आले.

तो परत आला 1980 मध्ये, हार्लेच्या स्टर्जिस गाडीवर. आता त्याला दाते होते, म्हणून घसरणं संपलं. आतल्या अ‍ॅरामिड धाग्यांनी लांबणंही जवळजवळ संपवलं. ताण आणि रेष मात्र आजही हातानंच बघावी लागते. गाडी थंड असताना चाक फिरवून पट्टा सगळ्यात घट्ट कुठं लागतो ते मी शोधतो, खालच्या बाजूला मधोमध 10 पौंडांचा दाब देतो आणि पट्टा किती सरकला ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेशी ताडतो. मग स्विंगआर्मच्या खिळीपासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजतो. अ‍ॅक्सलचा नट आवळला की ताण बदलतो, म्हणून सगळं पुन्हा एकदा.

चेन आवळायची सवय असलेला हात पट्टाही तारेसारखा ताणतो. मागच्या वर्षी अशीच एक गाडी माझ्याकडं आली. पट्टा नवाकोरा, बेअरिंग संपलेलं. पट्टा एका बाजूला सरकून पुलीची कड खात होता.

पंक्चरसाठी मागचं चाक उतरवलं असेल, तर गाडी ताब्यात घेण्याआधी दोन्ही बाजूंची मापं विचारा. सांगता आली नाहीत, तर तिथंच उभं राहून मोजून घ्या.