माहिती तंत्रज्ञान व्यावसायिकांच्या कार्य-मागण्या व कारकीर्द-समाधान

माहिती तंत्रज्ञान व्यावसायिकांच्या कार्य-मागण्या व कारकीर्द-समाधान यांचा परस्परसंबंध हा संघटनात्मक मानसशास्त्रातील एक अभ्यासविषय आहे. कामाच्या ज्या अंगांसाठी सातत्याने शारीरिक, बौद्धिक किंवा भावनिक श्रम करावे लागतात, त्यांना 'कार्य-मागण्या' म्हणतात. कारकीर्द-समाधान हे नोकरी-समाधानाहून व्यापक असते. नोकरी-समाधान सध्याच्या कामापुरते मर्यादित असते, तर कारकीर्द-समाधानात प्रगती, उत्पन्न व नव्या कौशल्यांची प्राप्ती यांबाबत व्यक्तीने केलेले स्वतःचे मूल्यमापन येते.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली मांडलेल्या प्रतिमानानुसार मागण्या अधिक व निर्णयस्वातंत्र्य कमी असल्यास ताण वाढतो. दोन्ही अधिक असल्यास तेच काम शिकण्यास पोषक ठरते. २००१ साली डेमेरौटी, बेकर, नाखराइनर व शाउफेली यांनी 'कार्य-मागणी व संसाधन' प्रतिमान मांडले. त्यानुसार अतिरिक्त मागण्यांतून थकवा, तर संसाधनांच्या अभावातून कामाविषयी अलिप्तता उद्भवते. सहकाऱ्यांचे पाठबळ, वरिष्ठांचा अभिप्राय व स्वायत्तता ही अशा संसाधनांची उदाहरणे होत.

व्यवसायातील विशेष मागण्या

या व्यवसायात ठरावीक मुदतीत प्रकल्प पूर्ण करणे, बदलत्या ग्राहक-अपेक्षा आणि यंत्रणा बंद पडल्यास अवेळी हजर होणे या नित्याच्या बाबी आहेत. तंत्रज्ञान लवकर कालबाह्य होत असल्याने अध्ययन कधीच संपत नाही. मात्र हीच बाब अनेकांना समाधानही देते. कूगर व झवाकी यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संगणक व्यावसायिकांमध्ये विकासाची गरज इतर व्यवसायांच्या तुलनेत तीव्र असल्याचे नोंदविले आहे. त्यामुळे केवळ वेतनवाढीने समाधान टिकेलच असे नाही.

परिणाम

जो एलन मूर यांच्या २००० सालच्या अभ्यासात तंत्रज्ञान व्यावसायिकांच्या थकव्याचे प्रमुख कारण कामाचा अतिभार हे आढळले. अधिक थकलेल्या व्यक्तींमध्ये नोकरी सोडण्याचा इरादाही अधिक होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (अंमल २०२२ पासून) कार्यजन्य गलितगात्रतेची नोंद आजार म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून केली आहे. म्हणजेच तिचे मूळ केवळ व्यक्तीच्या दुर्बलतेत न शोधता कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणात शोधावे लागते.

भारतातील स्थिती

भारतीय प्रमाणवेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेपेक्षा ऋतूनुसार साडेनऊ ते साडेदहा तास पुढे आहे. परिणामी अमेरिकी ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांच्या बैठका अनेकदा सायंकाळी वा रात्री होतात आणि कार्यालय व घर यांतील सीमारेषा पुसट होते. पुण्यातील हिंजवडीसारख्या केंद्रांत वाहतूक कोंडीमुळे प्रवासाचा वेळही यात मिळविला जातो. प्रकल्प नसलेल्या काळात 'बेंच'वर राहणे ही वेगळ्या प्रकारची अनिश्चितता होय. तेथे काम कमी असले तरी चिंता कमी नसते.

उपाययोजना

वास्तववादी मुदती, पुरेसे मनुष्यबळ, कामाच्या पद्धतीबाबत स्वातंत्र्य व कार्यालयीन वेळेत प्रशिक्षण हे उपाय सुचविले जातात. काही कंपन्या व्यवस्थापनात जाऊ न इच्छिणाऱ्यांसाठी तांत्रिक पदोन्नतीचा स्वतंत्र मार्ग ठेवतात. त्यामुळे कुशल तंत्रज्ञाला प्रगतीसाठी आपले आवडते काम सोडावे लागत नाही.