बेंगळुरूची मोटार आणि न झालेला कारखाना

बेंगळुरूत जुन्या मोटारींचा मेळावा भरला की गर्दी आधी जमते ती राजेरजवाड्यांच्या गाड्यांभोवती. लांबलचक बॉनेटच्या रोल्स-रॉइस, डेमलर, त्यांच्या शेजारी छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या काळातल्या ऑस्टिन आणि मॉरिस. हे पाहून एक समजूत पक्की होत जाते, की या शहराला मोटारीचा नाद लागला तो राजवाड्यामुळे आणि इंग्रजांमुळे. माझे म्हणणे वेगळे आहे. 1950 ते 1980 या काळात बसवनगुडी किंवा मल्लेश्वरम्‌मधल्या एखाद्या मध्यमवर्गीय घरापुढे जी अँबॅसडर किंवा फियाट उभी असे, तिचा इतिहास राजवाड्याच्या तबेल्यात सापडत नाही. तो सापडतो एका न झालेल्या कारखान्याच्या कागदपत्रांत आणि त्या कारखान्यावाचून इथे वाढलेल्या सुट्या भागांच्या व दुरुस्तीच्या धंद्यात. मराठी वाचकाने यात लक्ष घालावे असे आणखी एक कारण आहे. या कहाणीतली दोन मुख्य माणसे आपल्या चांगल्या ओळखीची आहेत: खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवणारे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आणि सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद.

म्हैसूरचे दिवाणपद सोडून विश्वेश्वरय्यांना दीड तप होत आले होते. सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थांनी 1935 मध्ये युरोप-अमेरिकेचा दौरा केला, तिथले मोटार कारखाने आतून पाहिले आणि परत येऊन 1936 मध्ये हिंदी मोटार कारखान्याची योजना मांडली. मुंबईत जनरल मोटर्स 1928 पासून गाड्या जुळवत होती, पुढे फोर्डही आली. पण तिथले काम म्हणजे परदेशातून आलेल्या पेट्या फोडायच्या आणि आतले भाग एकमेकांना जोडायचे. विश्वेश्वरय्यांना हवा होता तो इंजिन ओतणारा, गिअर कापणारा, पत्रा दाबून बॉडी घडवणारा कारखाना. वालचंदांनी ही योजना उचलून धरली. पहिली पसंती मुंबईला होती आणि बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने भांडवलावरच्या व्याजाला हमी देण्याची तयारीही दाखवली होती. पण 1939 च्या नोव्हेंबरात प्रांतिक काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि ती हमी वाऱ्यावर गेली. त्याच वर्षी वालचंद अमेरिकेत होते. फोर्डशी जमले नाही, जनरल मोटर्सशी जमले नाही, शेवटी क्रायस्लर तयार झाली. मग योजना म्हैसूर संस्थानाकडे वळली. दिवाण सर मिर्झा इस्माईल अनुकूल होते. जागा बेंगळुरूची ठरत होती. अडले ते दिल्लीत. हिंदुस्थान सरकारने या कारखान्याला युद्धोपयोगी उद्योग मानायचे नाकारले. यंत्रांसाठी डॉलर नाहीत, गाड्या विकत घेण्याचे आश्वासन नाही, संस्थानाने हमी द्यावी यालाही संमती नाही. 1941 मध्ये मिर्झा इस्माईल दिवाणपदावरून दूर झाले आणि बेंगळुरूचा मोटार कारखाना तिथेच संपला.

यावर पहिला आक्षेप येतो तो सरकारच्या बाजूने, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. युद्ध पेटले होते, जहाजांत जागा नव्हती, डॉलरची चणचण खुद्द लंडनला भासत होती. अशा वेळी खासगी मोटारीच्या कारखान्याला कोण प्राधान्य देईल? पण दोन गोष्टी या युक्तिवादाच्या आड येतात. एक म्हणजे योजना फक्त मोटारींची नव्हती, ट्रकही त्यात होते, आणि युद्धाला ट्रक लागतातच. ते सरकारने याच काळात मुंबईतल्या परदेशी कंपन्यांकडून जुळवून घेतले. दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. 1939 च्या त्याच परतीच्या विमानप्रवासात वालचंदांची विल्यम पॉली या अमेरिकी विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली आणि त्यातून 1940 च्या डिसेंबरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी बेंगळुरूत उभी राहिली. म्हैसूर सरकारने जमीन दिली, भांडवल घातले. अमेरिकेतून यंत्रे आली, माणसे आली, 1941 मध्ये तिथे तयार झालेले विमान उडालेही. तोच उद्योजक, तेच संस्थान, तेच शहर, तेच युद्ध. विमानासाठी जहाजात जागा सापडली. म्हणजे प्रश्न साधनांच्या टंचाईचा होताच, पण टंचाईत कोणाच्या गरजेला वाट द्यायची याचा निर्णय त्याहून मोठा होता. विमान ब्रिटनला ताबडतोब हवे होते. हिंदी मोटार मात्र युद्धानंतर ब्रिटिश मोटारीची स्पर्धक ठरणार होती. 1942 मध्ये सरकारने वालचंदांचे भाग विकत घेऊन विमानाचा कारखाना स्वतःच्या हाती घेतला, हेही इथे लक्षात ठेवावे.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा. त्या काळी हिंदुस्थानात मोटार घेणारे होते किती? बाजार एवढासा असताना कारखाना तगला असता का? त्याला उत्तर म्हणून मी जपानकडे बोट दाखवीन. विश्वेश्वरय्यांची योजना आली त्याच 1936 साली जपानने मोटार उत्पादनाचा कायदा केला, देशी कंपन्यांना परवाने आणि संरक्षण दिले. पुढच्या वर्षी टोयोटा मोटर कंपनी स्थापन झाली आणि 1939 पर्यंत फोर्ड व जनरल मोटर्सला तिथे काम करणे अशक्य झाले. जपानी कुटुंबांना तेव्हा मोटार परवडत होती असे मुळीच नाही. सुरुवातीला निघाले ते मुख्यतः ट्रक, आणि गिऱ्हाईक होते लष्कर. टोयोटाची पुढची भरभराट युद्धोत्तर परिस्थितीत झाली, तिचे सगळे श्रेय 1936 च्या कायद्याला देणे भाबडेपणाचे होईल. तरी त्या दशकात ओतकाम शिकलेले, साचे बनवायला शिकलेले कामगार 1945 नंतर जपानच्या हाताशी होते. आपल्या हाताशी पेट्या फोडणारे होते. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपण अकरा वर्षांनी मागे होतो, आणि उद्योगाच्या उमेदवारीत ही वर्षे फार असतात.

वालचंदांनी शेवटी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती मुंबईत कुर्ल्याला. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स आधीच निघाली होती, तिचा कारखाना पुढे बंगालात उत्तरपाड्याला गेला. तिसरी कंपनी मद्रासची स्टँडर्ड. 1953 च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला आणि भारतीय कुटुंबापुढे पर्याय उरले हे तीनच: 1957 पासून अँबॅसडर, 1954 पासून फियाट 1100 आणि स्टँडर्डच्या छोट्या गाड्या, ज्यांत पुढे 1961 मध्ये हेरल्ड आली. यांतल्या दोन इंग्रज वंशाच्या, एक इटालियन. मराठी माणसाने त्या इटालियन गाडीच्या पहिल्या गोलमटोल रूपाला ‘डुक्कर फियाट’ म्हणून घरात घेतले. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बिजागरीवर उघडत. 1959 च्या नियंत्रण आदेशाने गाड्यांची विक्रीही सरकारी चौकटीत आली. नाव नोंदवायचे, क्रमांकाची वाट पाहायची. फियाटसाठी ही वाट कित्येक वर्षांची असे. त्यामुळे जुनी गाडी कधी कधी नव्या गाडीच्या सरकारी किमतीपेक्षा महाग विकली जाई. 1960 साली एकट्या ब्रिटनमध्ये तेरा लाखांच्या वर मोटारी तयार झाल्या. आपल्याकडे त्यानंतरच्या दशकातही वर्षाचा आकडा पन्नास हजारांच्या आतच राहिला.

आणि इथे बेंगळुरू पुन्हा कहाणीत येते, या वेळी बॉनेटखालून. गाडी या शहरात झाली नाही, पण तिच्या पोटातल्या वस्तू झाल्या. आडुगोडीत 1951 साली मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘मायको’, जर्मनीच्या बॉशच्या भागीदारीत स्थापन झाली आणि तिचे स्पार्क प्लग व डिझेल पंप देशभर गेले. जलहळ्ळीला 1953 पासून एचएमटी, जिथे यंत्रे बनवणारी यंत्रे बनू लागली. त्याही आधी, 1941 मध्ये, म्हैसूर संस्थानातच हरिहरला किर्लोस्करांचा लेथचा कारखाना सुरू झाला होता. विमान कारखान्याने बेंगळुरूला हजारो फिटर, टर्नर, पत्रा-कारागीर दिले. युद्ध संपल्यावर त्यांनी रेल्वेचे डबे आणि बसच्या बॉड्याही बांधल्या. मोटारीचा कारखाना नसूनही मोटारीला लागणारे हात या शहरात जमले ते असे. जे.सी. रोडवर सुट्या भागांची दुकाने रांगेने लागली, शिवाजीनगरच्या गुजरीत मोडीत निघालेल्या गाड्यांचे दरवाजे, डायनॅमो, गिअरबॉक्स वेगवेगळे होऊन विकले जाऊ लागले.

त्या हातांचे काम जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा तिथेच आहे. फियाटचे इंजिन चार सिलिंडरचे, 1089 सीसीचे. सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला आणि तेल भराभर उतरू लागले की निदान ठरलेले: रिंगा गेल्या. हेड खाली उतरे. पिस्टनच्या माथ्यावरची काजळी खरवडली जाई. व्हॉल्व्हच्या कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावून, वर रबरी कप चिकटवलेली दांडी दोन तळव्यांत धरून रवीसारखी घुसळत राहायचे, बैठकीवर सगळीकडून एकसारखी करडी रेघ उमटेपर्यंत. सिलिंडर फारच झिजला असेल तर ब्लॉक बोरिंगला जाई आणि किंचित मोठ्या मापाचा पिस्टन बसे. काही वर्षांनी पुन्हा बोरिंग, पुन्हा मोठा पिस्टन. भिंत पातळ झाली की आत स्लीव्ह दाबून बसवायची आणि इंजिन परत मूळ मापावर आणायचे. ब्रेक ड्रम समतल करायला, किंगपिनचे बुश कातायला कोपऱ्यात लेथ असे. घाटात पेट्रोल पंप तापून गाडी बंद पडली तर त्यावर ओले फडके टाकून थांबायचे, हे ड्रायव्हरलाच काय, मागे बसलेल्या मुलांनाही ठाऊक असे. ब्रिटनने 1960 मध्ये दहा वर्षे झालेल्या गाड्यांना वार्षिक तपासणी सक्तीची केली. तपासणीत नापास झालेल्या कित्येक गाड्या सरळ भंगारात गेल्या. बेंगळुरूत दहा वर्षांची फियाट म्हणजे ऐन उमेदीतली गाडी. ज्यावरून अँबॅसडर घडली ते मॉरिस ऑक्सफर्डचे रूप इंग्लंडने 1959 मध्येच बंद केले, उत्तरपाड्यातून त्याच घडणीची अँबॅसडर 2014 पर्यंत निघत होती.

यावर जुन्या गाड्यांचे चाहते म्हणतील की गाड्याच मुळात दणकट होत्या, म्हणून टिकल्या. जाड पत्रा होता हे खरे. पण एवढ्या वेळा उघडावे लागणारे इंजिन दणकट म्हणवत नाही. दणकट होती ती दुरुस्तीची व्यवस्था. आणि ती व्यवस्था काही कोणी आनंदाने निवडलेली नव्हती. परवाना, रांग आणि तीनच कंपन्या यांनी गिऱ्हाइकाला कोंडीत पकडले होते, त्या कोंडीतून कारागिरांनी वाट काढली. या काळाविषयी प्रेम वाटावे आणि त्या धोरणाविषयी वाटू नये, यात मला विसंगती दिसत नाही. राजवाड्याच्या गाड्यांबद्दल मात्र एक मान्य करतो: शहरातल्या पहिल्या पिढीचे मेकॅनिक याच गाड्यांवर शिकले असणार, छावणीतल्या गॅरेजांनीही हातभार लावला असणार. पण काही थोड्या मालकांच्या गाड्यांवर सुट्या भागांचा अख्खा बाजार उभा राहत नाही. त्याला हजारो घरांच्या फियाट आणि अँबॅसडर लागल्या.

बेंगळुरूतून चार चाकांची घरगुती गाडी निघाली ती 1982 मध्ये, सिपानींची डॉल्फिन. तीही इंग्लंडच्या रिलायंट किटनवर बेतलेली, फायबर-ग्लासच्या बॉडीची. कारण पत्रा दाबणाऱ्या प्रचंड साच्यांचा खर्च लहान कंपनीला झेपणारा नव्हता. 1936 च्या योजनेत नेमके हेच अवजड काम देशात आणायचे होते. 1983 च्या डिसेंबरात मारुती आली आणि डॉल्फिनचे दिवस भरले. पुढे 1997 मध्ये टोयोटाने किर्लोस्करांबरोबर बेंगळुरूजवळ बिडदीला कारखाना काढला आणि 2000 च्या सुरुवातीला क्वालिस रस्त्यावर आली. परक्या भांडवलाने का होईना, मोटारीचा मोठा कारखाना या शहराला मिळाला. वालचंद 1953 मध्येच गेले होते, विश्वेश्वरय्या शंभरी पार करून 1962 मध्ये.

संग्रहालयांत गाड्या जपल्या जात आहेत, ते चांगलेच आहे. पण बोरिंगच्या पावत्या, गॅरेजच्या वह्या, ‘एम.वाय.’ क्रमांकांची जुनी आर.सी. बुके, गाडीसाठी नाव नोंदवल्याची पत्रे रद्दीत चालली आहेत. गाडी कोणी घेतली, किती वर्षे थांबून घेतली, किती वेळा तिचे इंजिन उघडले, हे फक्त त्या कागदांतून कळणार आहे. घरात असे काही असेल, बेंगळुरूतले असो, बेळगावातले की कोल्हापुरातले, तर ते टाकू नका. जवळच्या ग्रंथालयाला, संग्रहालयाला किंवा इतिहासाच्या एखाद्या अभ्यासकाला द्या, आणि देण्यापूर्वी मागच्या बाजूला गाडी कोणाची होती, कुठल्या गावी होती, एवढे पेन्सिलीने लिहा.