मालेगावच्या सुपरमॅनची ताकद किती?

मंडळी, सुपरमॅन भारी की हल्क, यावर आपल्या साक्रीची पोरं तासन् तास भांडतात. पण १९३८ मध्ये कॉमिकात आला तेव्हा सुपरमॅनला उडताही येत नव्हतं, नुसत्या लांब उड्या मारायचा. पुढे पडद्यावर त्याची ताकद वाढतच गेली.

शेजारच्या मालेगावात मात्र उलटं झालं. नासिर शेख यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. हिरो शफीक शेख, यंत्रमाग कामगार, अंगानं काडी. हिरव्या पडद्यासमोर लटकवून त्याला उडवलं. या सुपरमॅनला धुळीनं दम लागतो, अन् त्याची लढाई तंबाखूच्या धंद्याशी! २००८ मध्ये फैजा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला, २०२५ मध्ये 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' थिएटरात आला.

शफीक मात्र तरुणपणीच कर्करोगानं गेला.

मला विचाराल तर त्या सिनेमानं खलनायक बरोबर निवडला होता. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. आज घराबाहेर पडाल तेव्हा रस्त्याकडेच्या रिकाम्या पुड्या मोजा, अन् मग सांगा भाऊ, जास्त ताकद कोणाची?