‘वाटणी’ नव्हे, ‘हिस्सा’
७. मूळ पोलिश शब्द ‘उजाऊ’. पहिल्या खर्ड्यात इथे ‘वाटणी’ होतं. ते काढलं, कारण वाटणी झालेलीच नाही. पोलंडच्या १९६४च्या दिवाणी संहितेत सहमालकी दोन तऱ्हेची. एकीत प्रत्येकाचा हिस्सा अपूर्णांकात ठरलेला (‘उवामेक’ हा शब्द शाळेच्या गणितातलाच) आणि तो इतरांना न विचारता विकता येतो. म्हणून तीन भावंडांच्या फ्लॅटमध्ये एकाच्या कर्जापायी जप्ती येते ती त्याच्या १/३ हिश्श्यावर. लिलावात घेणाऱ्याच्या हाती एखादी खोली पडत नाही, उरलेल्या दोघांशी सहमालकी तेवढी पडते. दुसरी नवरा-बायकोची. तिच्यात संसार चालू असेतो अपूर्णांकच नाहीत, त्यामुळे जप्तीला सुटा हिस्साही नाही; नवऱ्यानं कर्ज बायकोच्या संमतीनं काढलं असेल, तरच धनको सामाईक घरापर्यंत पोचतो. हिला ‘एकत्र कुटुंबाची’ म्हणायचा मोह टाळला. तो शब्द आला की आपल्याकडचे कर्ता आणि सहदायाद थेट वॉर्सात जाऊन बसतात. ‘कोमोर्निक’चा ‘बेलिफ’ मात्र नाइलाजानं केला: तिथला हा अधिकारी स्वतःचं कार्यालय थाटून जप्तीपासून लिलावापर्यंतचं काम पाहतो.