विजोड मंडळींचा संग्राम

दिवाळीच्या सुटींत नागपुरांतील महाल, धंतोली किंवा सीताबर्डी भागांत घरापुढें मुलें मातीचा किल्ला उभारतात. सिंहासनावर शिवाजीमहाराज, तटावर मावळे, आणि त्यांच्याच शेजारीं मातीचा वाघ, गवळण, शिपाई, एखादा प्लॅस्टिकचा रणगाडा. शतकांचा हा घोळ पाहून इतिहासाचा शिक्षक कपाळाला आठी घालील. मुलांना त्यांत कांहींच वावगें वाटत नाहीं. वडीलधारी मंडळी घरांत गेली कीं वाघ आणि रणगाडा एकमेकांवर आदळूं लागतात.

अशाच बालक्रीडेवर जपानांत एक जगद्विख्यात खेळ उभा राहिला. २१ जानेवारी १९९९ रोजीं निन्टेन्डो कंपनीनें ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ हा व्हिडिओ खेळ विक्रीस आणला. आरंभींच पडद्यावर पांढरा हातमोजा घातलेला एक हात येतो, मेजावर बाहुल्या मांडतो, चुटकी वाजवितो, आणि बाहुल्या सजीव होऊन झुंजूं लागतात. नळकाम करणारा मारिओ, विजेचे लोळ सोडणारा पिकाचू, चिलखत घालून अंतराळांत हिंडणारी सॅमस, गुलाबी चेंडूसारखा कर्बी, आणि डाँकी काँग, जो नांवानें गाढव पण देहानें वानर! अशीं १२ पात्रें, बहुतेक वेगवेगळ्या खेळांतून उचललेलीं.

ह्याचे जनक मासाहिरो साकुराई. ‘हाल लॅबोरेटरी’ ह्या संस्थेंत त्यांनीं प्रथम जो नमुना केला त्यांत चेहरेहि नसलेल्या निनांवी आकृति लढत. आराखडा, चित्रें व हालचाली साकुराईंच्या. गणकयंत्राची आज्ञावली संस्थेचे अध्यक्ष सातोरु इवाता ह्यांनीं स्वतः लिहिली. आवाजासाठीं एक मदतनीस, एवढाच काय तो लवाजमा. अशा निनांवी आकृतींचें कोणाला कौतुक वाटणार? तेव्हां निन्टेन्डोचीं लाडकीं पात्रें घ्यावीं असें ठरलें. विचारल्यास नकार मिळेल ह्या शंकेनें साकुराईंनीं न विचारतांच मारिओ, डाँकी काँग, सॅमस व फॉक्स ह्या चौघांना रिंगणांत उतरविलें, आणि खेळ नीट तोलला गेल्यावरच तो कंपनीपुढें ठेवला. असें धाडस नोकरींत एरवीं अंगाशीं येतें.

तत्पूर्वींचे झुंजीचे खेळ अवघड होत चालले होते. बटणांचे लांबलचक क्रम ज्याला पाठ नाहींत त्यानें मुकाट्यानें मार खावा, असा प्रकार. साकुराईंनीं पुढें सांगितलें कीं, एका सार्वजनिक खेळगृहांत ‘किंग ऑफ फायटर्स ९५’ खेळतांना त्यांनीं प्रतिस्पर्ध्याचा धुव्वा उडविला, आणि पाहतात तों पलीकडे अगदीं नवखें जोडपें! त्या विजयाची रुखरुख त्यांना लागून राहिली.

म्हणून त्यांच्या खेळांत मार बसला कीं पात्राची टक्केवारी वाढते, आणि ती जितकी अधिक तितका पुढचा तडाखा त्याला दूर भिरकावतो. बाद होणें म्हणजे मंचाच्या पार पलीकडे फेंकलें जाणें. आपल्या कुस्तींत पाठ टेकली कीं चीतपट. जपानी सुमोंत वर्तुळाबाहेर पाऊल पडलें तरी हार. साकुराईंची युक्ति सुमोच्या गोत्राची दिसते. शंभरांवर टक्के मार खाल्लेला गडीहि उडी घेऊन मंचाची कड गाठूं शकतो. नवशिक्याची आशा सहसा तुटत नाहीं. डाँकी काँग वजनदार, तो सहजासहजीं उडत नाहीं. पिकाचू हलका, तो लवकर उडतो, पण चटकन हातींहि लागत नाहीं. विजोडपणा झांकण्याची धडपड येथें नाहीं. सारी गंमत त्याच्यावरच आहे.

प्रथम केवळ जपानपुरता योजलेला हा खेळ त्याच वर्षीं अमेरिकेंत व युरोपांत गेला. इवाता २००२ मध्यें निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. २००८ च्या आवृत्तींत ‘सोनिक’ व ‘स्नेक’ हीं परक्या कंपन्यांचीं पात्रें प्रथमच आलीं. अर्थात् ह्या वेळीं रीतसर करार करूनच. २०१५ मध्यें इवातांचें निधन झालें. २०१८ च्या ‘अल्टिमेट’ मध्यें पूर्वींचा एकूण एक योद्धा परत बोलावला गेला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्यें ‘सोरा’ हा किशोर वीर दाखल झाला तेव्हां योद्ध्यांची गणती ८९ वर पोंचली होती.