आटपाडी तालुका: दुष्काळ, अतिवृष्टी, गारपीट आणि वीज यांसाठी शेतकरी कुटुंबाची पूर्वतयारी

आटपाडी तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. मृगाचा पाऊस येथे बेभरवशाचा असतो. वर्षाचा खरा आधार म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस. त्याच पावसावर विहिरी भरतात, रब्बी ज्वारी पेरली जाते. मात्र तोच पाऊस दोन-तीन दिवसांत एकदम कोसळला तर डाळिंबाच्या बागेत पाणी साचते, ओढे फुटतात आणि माणगंगेला पूर येतो.

अलीकडची उदाहरणे पाहा. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्य शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आटपाडी होता. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली शहर कृष्णेच्या पुरात असताना जिल्ह्याच्या पूर्व भागात पाण्याचे टँकर सुरू होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, परतीच्या पावसाने तालुक्यातील डाळिंब बागांचे मोठे नुकसान केले. त्यामुळे ‘आपला भाग दुष्काळी, आपल्याला पुराचे काय?’ असे समजून चालणार नाही. घराची तयारी दोन्ही टोकांची हवी.

टेंभूचे पाणी आले, तरी हिशेब घरचाच

टेंभू योजनेमुळे तालुक्याचे चित्र बदलले आहे. पण हे पाणी कराडजवळ कृष्णेतून अनेक टप्प्यांत विजेच्या पंपांनी उचलून आणले जाते. आवर्तन कधी सुटेल आणि आपल्या ओढ्या-तलावापर्यंत कधी पोहोचेल, हे आपल्या हातात नसते. म्हणून टेंभूचे पाणी जमेस धरा, पण पिण्याचे पाणी आणि चारा यांचा हिशेब त्याच्याशिवाय मांडा.

पाण्याचा हिशेब

पाच माणसे, दोन संकरित गाई आणि दहा शेळ्या असलेल्या घराला उन्हाळ्यात रोज लागणारे किमान पाणी:

- माणसे: प्रत्येकी २० लिटर, एकूण १०० लिटर
- गाई: प्रत्येकी सुमारे ७० लिटर, एकूण १४० लिटर
- शेळ्या: प्रत्येकी सुमारे ६ लिटर, एकूण ६० लिटर
- एकूण: रोज ३०० लिटर

म्हणजे माणसांच्या दुप्पट पाणी जनावरांना लागते. टंचाईत टँकरच्या पाण्याचे वाटप माणसांच्या संख्येवर होते, हे लक्षात घेऊन जनावरांच्या पाण्याची सोय वेगळी करा. ५,००० लिटरची टाकी भरलेली असेल तर वरच्या हिशेबाने ती १६ दिवस पुरते.

छतावरचे पाणी वाया घालवू नका. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. ५० चौरस मीटर पत्र्यावर २० मिमी पाऊस झाला तर १,००० लिटर, गळती वजा जाता सुमारे ८०० लिटर हाती लागते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्या, पुढचे गाळून टाकीत घ्या. टँकरचे किंवा साठवलेले पाणी पिण्यापूर्वी उकळा, किंवा क्लोरीनचे द्रावण बाटलीवरील प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा.

चाऱ्याचा हिशेब

फेब्रुवारीच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत १५० दिवस धरा. एका मोठ्या जनावराला रोज सुमारे ७ किलो कडबा लागतो. दोन गाईंसाठी २,१०० किलो झाला. कोरडवाहू रब्बी ज्वारीच्या एकरातून बऱ्या वर्षी साधारण एक ते दीड टन कडबा मिळतो. म्हणजे बऱ्या वर्षातही दोन गाईंना सुमारे दोन एकर ज्वारी लागते. पाऊस हुकलेल्या वर्षी हा मेळ बसत नाही.

- कडबा कुट्टी करूनच घाला. अख्खी पेंढी टाकली की बराच चारा पायदळी जातो.
- टेंभूचे आवर्तन मिळाले तर थोडा मका खास मुरघासासाठी करा. हवाबंद पिशवीतील मुरघास सुमारे ४५ दिवसांत तयार होतो आणि पिशवी न उघडल्यास उन्हाळाभर टिकतो.
- निकृष्ट काडाला युरिया प्रक्रिया करायची असेल तर १०० किलो काडाला ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडा आणि २१ दिवस घट्ट झाकून ठेवा. हा चारा सहा महिन्यांखालील वासरांना देऊ नका. पहिल्यांदा करताना पशुवैद्यकाचा सल्ला घ्या. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागणार नाही याची काळजी घ्या.
- पाण्याअभावी खुरटलेली किंवा कापणीनंतर फुटलेली कोवळी ज्वारी जनावरांना खाऊ देऊ नका. तिच्यात विषारी घटक वाढलेला असतो आणि जनावर काही मिनिटांत दगावू शकते.
- कडब्याची गंजी घरापासून दूर, विजेच्या तारांखाली न येणाऱ्या जागी, दगडांच्या थरावर रचा. वर ताडपत्री टाका. एप्रिल-मे मध्ये गंजीजवळ बांध पेटवू नका.

निर्णयाचा दिवस: ऑक्टोबरअखेर

या लेखातील सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे. परतीचा पाऊस संपला की विहिरीतील पाण्याची पातळी, शेततळ्यातील साठा आणि घरातील व शिवारातील चारा मोजा. वरच्या पद्धतीने जुलैपर्यंतची गरज काढा. तूट दिसली तर त्याच पंधरवड्यात ठरवा: कोणती जनावरे ठेवायची, कोणती विकायची, किती चारा विकत घ्यायचा आणि डाळिंबाचा किती भाग जगवायचा.

दुष्काळ जाहीर होणे, टँकर लागणे, चारा छावणी उघडणे या गोष्टींना वेळ लागतो. तोपर्यंत सगळ्यांचीच जनावरे एकदम बाजारात येतात, जनावरांचा भाव पडतो आणि कडब्याचा चढतो. नोव्हेंबरमध्ये विकलेल्या एका भाकड जनावराच्या पैशांतून दुभत्या गाईचा उन्हाळ्याचा चारा येऊ शकतो. मार्चमध्ये हाच व्यवहार तोट्यात जातो.

अतिवृष्टी आणि पूर

- ऑगस्टअखेर बागेतील चर मोकळे करा. डाळिंबाच्या मुळाशी पाणी साचले तर मर वाढते, आणि सततच्या ओलीत तेल्या पसरतो. पाऊस थांबताच साचलेले पाणी काढा, मगच फवारणीचा विचार करा.
- नदी-ओढ्याकाठच्या मोटारी व स्टार्टर जोराच्या पावसाचा इशारा मिळताच वर काढा. भिजलेल्या स्टार्टरला हात लावू नका.
- ओढ्याच्या पात्रात किंवा काठाला जनावरे बांधू नका. पाऊस वरच्या माण भागात पडला तरी पाणी तुमच्याकडे येते. त्यामुळे आपल्या गावात आभाळ कोरडे आहे म्हणून गाफील राहू नका.
- फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी काहीही घालू नका.

वीज आणि गारपीट

वळवाच्या (एप्रिल-मे) आणि परतीच्या पावसात विजेचा धोका अधिक असतो. मेंढपाळ आणि गुराखी उघड्या माळावर असल्याने सर्वांत आधी सापडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप परिसरातील विजेची सूचना देते. ते घरातील निदान एका फोनवर ठेवा.

- गडगडाट ऐकू येताच पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.
- एकट्या झाडाखाली थांबू नका. जनावरेही झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाला बांधू नका.
- आसरा नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे झोपू नका. माणसांनी एकमेकांपासून अंतर ठेवा.
- गारपिटीनंतर मोडलेल्या फांद्या व फुटलेली फळे बागेबाहेर काढा, आणि जखमांवर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा. झाडावर तोडणीला आलेली फळे असतील तर आधी सल्ला घ्या.

कागदपत्रे आणि मदत

नुकसान झाल्यावर कागद शोधण्यात दिवस जातात. सातबारा, आधार, बँक पासबुक, शेतकरी ओळख क्रमांक, विम्याची पावती आणि जनावरांच्या कानातील बिल्ल्यांचे क्रमांक एका प्लॅस्टिक पिशवीत ठेवा. त्यांचे फोटो फोनमध्येही असू द्या. ई-पीक पाहणी वेळेत करा. सातबारावर पीक नसेल तर पंचनाम्यात अडचण येते.

- नुकसानीचे फोटो शेत ओळखू येईल असे काढा आणि तलाठी व कृषी सहायकांना लगेच कळवा.
- पंचनामा आणि विमा या दोन वेगळ्या वाटा आहेत. ज्या विम्यात गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची वैयक्तिक भरपाई आहे, तिथे ७२ तासांत कळवण्याची अट असते. अटी हंगामागणिक बदलतात, म्हणून पैसे भरतानाच वाचून घ्या.
- जनावर दगावले तर पशुवैद्यकाने पाहण्याआधी पुरू नका. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीसाठी ३७,५०० रुपये, बैलासाठी ३२,००० रुपये आणि शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये मदत आहे.
- वीज पडून शेतकरी कुटुंबातील व्यक्तीचा मृत्यू झाल्यास आपत्ती मदतीची चौकशी तहसील कार्यालयात करा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचीही माहिती कृषी कार्यालयातून घ्या.

वर्षभराचे वेळापत्रक

- एप्रिल-मे: पत्रे, खिळे व पन्हाळ तपासणे, टाकी धुणे, घटसर्प, फऱ्या व मेंढ्यांना आंत्रविषार लस
- जून-जुलै: पीक विमा, चारापिकाची पेरणी
- ऑगस्ट: चर मोकळे करणे, ई-पीक पाहणी
- सप्टेंबर-ऑक्टोबर: हवामानाचा इशारा रोज पाहणे, छताचे पाणी साठवणे, मोटारी वर घेणे
- ऑक्टोबरअखेर: पाणी-चाऱ्याची मोजणी आणि निर्णय
- फेब्रुवारी-मार्च: कडबा गंजी, मुरघास, पाण्याची पुन्हा मोजणी

जवळ लिहून ठेवण्याचे क्रमांक: जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, आपत्कालीन सेवा ११२, रुग्णवाहिका १०८, पशुवैद्यकीय सेवा १९६२.

कृषी सहायक आणि पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांनी ऑक्टोबरअखेरची मोजणी एकेका वस्तीवर चार-पाच कुटुंबांना एकत्र बसवून करावी. एका घराला परवडत नाही तो चारा चार घरे मिळून हंगामात स्वस्तात आणू शकतात. टाकीचेही तसेच आहे.