नळीतला प्रतिध्वनी



पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कुर्ला स्टेशनाच्या पश्चिमेस बाहेर पडताच प्रथम कानांवर आदळे तो रिक्षांचा कर्कश कडकडाट. शीव आणि माहीम ओलांडून दक्षिणेस जाण्याची रिक्षांना मुभा नाही. म्हणून शहराची हद्द संपून उपनगरे सुरू झाली, हे कुर्ल्याच्या उतारूस डोळ्यांआधी कानच सांगत. त्या आवाजाबरोबर निळसर धूर आणि अर्धवट जळलेल्या तेलाचा दर्प येई. आज तो आवाज जवळजवळ लोपला आहे. तो कशाचा होता, आणि त्याच जातीच्या यंत्राने परदेशांत शर्यती कशा जिंकल्या, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आरंभ मात्र एका खेळण्यापासून करतो. हातभर लांबीची एक नौका असते. तिच्या पाठीमागे, कण्याबाहेर, साडेतीन घनसेंटिमीटरचे इवलेसे एंजिन लटकावलेले असते. त्यास पेट्रोल चालत नाही. मेथिल अल्कोहोल, नायट्रोमिथेन आणि वंगणाचे तेल यांचे मिश्रण लागते. काठावर उभा असलेला खेळाडू तिला बिनतारी यंत्राने वळवितो. बिनतारी नौकेची ही कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्क येथे अशी नौका लोकांना चालवून दाखविली, तेव्हा पाहणाऱ्यांना ती जादू वाटली. एंजिनात ठिणगीऐवजी तापून लाल झालेल्या तारेने इंधन पेटविण्याची युक्ती अमेरिकेतील रे आर्डेन यांनी १९४७ च्या सुमारास बाजारात आणली. या नौकेच्या एंजिनास एक नळी जोडलेली असते. ती एंजिनाहून कितीतरी मोठी. सनईसारखी रुंदावत जाणारी, आणि मग पुन्हा निमुळती होणारी. शर्यतीचा शौकीन एंजिनाची जितकी चिंता करतो, तितकीच या नळीची करतो. ती किती लांब घ्यावी? किती रुंद? शेवटचे भोक केवढे ठेवावे? धूर बाहेर सोडण्याच्या पन्हळीबद्दल माणसाने इतका खल का करावा, असे कोणासही वाटेल. त्याचे कारण शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात आहे.

कुर्ल्याच्या मंडळींना मोटारीचे एंजिन परके नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीचा कारखाना याच गावी होता. १९४७ साली तेथून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. १९५४ पासून फियाट अकराशे ही गाडी तेथे बनू लागली आणि पुढे तीच 'पद्मिनी' या नावाने मुंबईची टॅक्सी झाली. त्या गाडीचे एंजिन चार धावांचे. इंधन आत घेण्यास एक झडप, धूर बाहेर घालविण्यास दुसरी. प्रत्येक झडप आपल्या वेळी उघडते, आपल्या वेळी मिटते. घरास दारे आहेत आणि दारांवर दरवानही आहेत.

दोन धावांच्या एंजिनाची गोष्ट निराळी आहे. स्कॉटलंडचे ड्यूगल्ड क्लार्क यांनी असे एंजिन १८७८ साली प्रथम सिद्ध केले. परंतु ज्या सुटसुटीत रूपात ते जगभर पसरले, ते रूप इंग्लंडातील बाथ गावच्या जोसेफ डे यांनी १८९१ च्या सुमारास दिले. पुढल्याच वर्षी त्यांच्याकडील फ्रेडरिक कॉक यांनी त्यात आणखी सुधारणा केली आणि झडपा अजिबात उरल्या नाहीत. सिलिंडरच्या भिंतीत केवळ भोके, आणि वरखाली सरकणारा दट्ट्याच ती झाकतो व उघडतो. दारे आहेत, दरवान नाही. यंत्र स्वस्त झाले, हलके झाले, दुरुस्तीस सोपे झाले. ओले एव्हिन्रूड यांनी १९०९ साली मिलवॉकी येथे नौकेच्या पाठीस अडकविण्याचे एंजिन विकावयास काढले, तेही याच जातीचे, अवघ्या दीड अश्वशक्तीचे. एकट्या माणसास उचलून नेता येईल असे ते यंत्र होते.

परंतु दरवान नसल्याची किंमत पडतेच. दट्ट्या तळाशी असताना जळलेला वायू एका भोकातून बाहेर जात असतो, आणि त्याच वेळी दुसऱ्या भोकातून ताजे मिश्रण आत शिरत असते. दोन्ही दारे एकदम सताड उघडी! पाहुणा पुढच्या दाराने आला आणि पानावर बसण्याआधीच मागच्या दाराने निघून गेला, असा प्रकार होतो. साध्या दोन-धावी एंजिनात आत आलेल्या ताज्या मिश्रणाचा चौथा ते तिसरा हिस्सा न जळताच बाहेर पडू शकतो. रिक्षावाल्याने विकत घेतलेले पेट्रोल असे कुर्ल्याच्या हवेत मिसळत असे, आणि ते पुन्हा आपल्या सर्वांच्या छातीत जात असे.

या गळतीवर उपाय दोन. एक, दरवान नेमणे. दुसरा उपाय विलक्षण आहे: गेलेल्या पाहुण्यास हाक मारून परत बोलाविणे. नळी ही ती हाक आहे.

घाटातल्या दरीत हाक मारली तर ती काही क्षणांनी परत येते, हे आपण जाणतो. धुराचे भोक उघडते त्या क्षणी आतला कोंडलेला वायू एखाद्या हाकेसारखाच नळीत फुटतो, आणि दाबाची एक लाट ध्वनीच्या वेगाने पुढे धावते. नळी रुंदावू लागली की त्या रुंदावण्यातून उलट जातीची, म्हणजे ओढून घेणारी लाट मागे फिरते. ती सिलिंडरातला उरलासुरला धूर शोषून काढते, आणि ताजे मिश्रणही थोडे नळीत ओढते. मूळ लाट पुढे जाऊन निमुळत्या भागावर आपटते आणि दाबाच्याच रूपाने परतते. भोक मिटण्यापूर्वी नेमक्या क्षणी ती तेथे पोचली, तर बाहेर डोकावलेले मिश्रण ती पुन्हा आत लोटते. क्षणभर लवकर आली तर व्यर्थ. क्षणभर उशिरा आली तर दार बंद. सनई किंवा बासरी करणारा कारागीर जसा लांबी आणि छिद्रे यांतून स्वर साधतो, तद्वत् येथे नळीच्या लांबीतून वेळ साधावयाची असते.

ही लाट कामास लावता येईल, ही जाणीव १९३० नंतरच्या दशकात मिशेल कादनासी यांच्या प्रयोगांतून पसरली. १९५१ साली जर्मनीतील डीकेडब्ल्यू कंपनीच्या शर्यतीच्या मोटरसायकलींवर एरिख वोल्फ यांनी फुगीर नळ्या बसविल्या. तथापि या विद्येस शास्त्राचे रूप देणारा पुरुष पूर्व जर्मनीत होता. त्याचे नाव वॉल्टर काडेन. महायुद्धात ते हेन्शेल कारखान्यात एचएस २९३ या बिनतारी यंत्राने चालविल्या जाणाऱ्या उडत्या बॉम्बच्या कामावर होते. बिनतारी नियंत्रण आणि ही नळी या दोन गोष्टी आज त्या खेळण्यातील नौकेत एकत्र आलेल्या दिसतात, आणि त्या दोहोंशी या एका माणसाचा संबंध यावा, हा योगायोग मला मोठा चमत्कारिक वाटतो.

१९५३ साली काडेन यांनी झ्शोपाऊ गावच्या एमझेड कारखान्याचा शर्यत-विभाग हाती घेतला. पैसा तुटपुंजा, उत्तम धातू मिळत नाहीत, परदेशी सामान तर दुर्मीळ. पण ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर नळीतल्या लाटा पाहत पाहत त्यांनी नळीचा आकार इंचाइंचाने पक्का केला. १९६१ साली त्यांच्या १२५ घनसेंटिमीटरच्या एंजिनाने २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे २००. पंपाने हवा न कोंबता इतकी शक्ती तोवर कोणत्याही एंजिनाने दिली नव्हती.

आणि त्याच वर्षी घात झाला. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. एमझेडचा पहिल्या दर्जाचा स्वार एर्न्स्ट डेग्नर जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. सप्टेंबरात स्वीडनमधील क्रिस्तियनस्टाड येथे शर्यत होती. त्याची बायकामुले गुप्तपणे पूर्व जर्मनीबाहेर काढण्यात आली. शर्यतीत एंजिनाने दगा दिला, आणि डेग्नर आपल्या संघाकडे परतलाच नाही. तो जपानच्या सुझुकी कंपनीस जाऊन मिळाला. काडेन यांच्या नळीची मापे आणि एंजिनाची गुह्ये त्याच्याबरोबर गेली. त्या वर्षीचे १२५ चे अजिंक्यपद होंडाच्या टॉम फिलिस यांस मिळाले. पुढल्या वर्षी, १९६२ साली, सुझुकीवर बसून डेग्नर ५० घनसेंटिमीटर वर्गात जगज्जेता झाला. दोन-धावी एंजिनास मिळालेले ते पहिले जगज्जेतेपद.

डेग्नरला दोष द्यावा काय? ज्या राज्यातून बाहेर पडावयाचे तर बायकामुलांनाही चोरवाटेने न्यावे लागे, त्या राज्याचा निरोप त्याने घेतला, यात मला नवल वाटत नाही. पण विद्या त्याची नव्हती. ती ज्याची होती तो झ्शोपाऊलाच राहिला, आणि त्याच्या प्रयोगांच्या बळावर इतरांनी कारखाने उभारले. काडेन १९९६ साली वारले. आज मुलाच्या खेळण्यातील नौकेवर जी फुगीर नळी दिसते, ती त्यांच्याच आकाराची नात आहे.

आता नळी निवडावी कशी, याचा हिशेब पाहू. तो घरी पाटीवर करता येतो. एंजिन मिनिटास २०,००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्यास एका सेकंदाचे तीन सहस्रांश लागतात. धुराचे भोक साधारण अर्ध्या फेऱ्यापर्यंत उघडे असते, म्हणजे दीड सहस्रांश. तप्त धुरात ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ५०० मीटर धरला, तर तेवढ्या वेळात लाट ७५ सेंटिमीटर चालते. जाणे आणि येणे दोन्ही त्यात आले. म्हणून सिलिंडरापासून निमुळत्या भागापर्यंतचे अंतर त्याच्या निम्मे, सुमारे ३७ सेंटिमीटर. फेरे २५,००० झाले की तेच अंतर ३० सेंटिमीटरवर येते. म्हणजे वेग वाढवावयाचा तर नळी आखूड करावी. येथेच नवखा फसतो. आखूड नळी वरच्या वेगात जोर देते खरी, पण उभी नौका पाण्यातून वर उचलली जाऊन पृष्ठावर सरकू लागेपर्यंत एंजिन त्या वेगास पोचतच नाही. पंख्यावर पाण्याचा भार असतो, लाट अवेळी परतते, आणि नौका नाक वर करून तेथेच गुरगुरत बसते. निमुळता भाग उतरता व लांब असला तर फायदा थोडा पण पुष्कळ वेगांत मिळतो; तो एकदम आवळला तर फायदा मोठा, पण एकाच अरुंद पट्ट्यात. शेवटचे भोक लहान ठेवले तर उष्णता कोंडून दट्ट्या भाजतो, मोठे ठेवले तर परतणारी लाट दुबळी होते. म्हणून जाणता शौकीन नळी प्रथम हिशेबाहून लांब बसवितो.

हाच हिशेब रिक्षास लावून पाहा. तिच्या दोन-धावी एंजिनाचा जोर मिनिटास पाच हजार फेऱ्यांच्या आसपास असे. त्या वेगास नळी येते सुमारे दीड मीटर. रिक्षाची स्वतःची रुंदी त्याहून कमी! आणि वाकवून वळवून ती बसविली तरी उपयोग काय? कुर्ल्याच्या रस्त्यावर कोणती रिक्षा क्षणभर तरी एकाच वेगाने चालते? शर्यतीतली हाक एका ठराविक क्षणी मारावयाची असते. रहदारीत तो क्षण दर पावलास बदलतो. म्हणून रिक्षाच्या पोटाखाली साधा आवाज दाबणारा डबाच राहिला, आणि पेट्रोल वाहून जातच राहिले.

१९८३ साली आलेली राजदूत ३५० आणि १९८५ ची आरएक्स १०० या यामाहाच्या विद्येच्या गाड्यांवर मात्र फुगीर नळ्यांचे तत्त्व होते. पुष्कळ तरुण या गाड्यांच्या नळीतील आतली जाळी काढवून घेत. आवाज वाढला की वेग वाढला, अशी समजूत. वस्तुतः ज्या नळीच्या मापासाठी एका माणसाने आयुष्य वेचले, ती करवतीने दुरुस्त होत नाही. शेजाऱ्यांची झोप तेवढी मोडे.

रिक्षांचा प्रश्न शेवटी नळीने सुटला नाही. तो न्यायालयात गेला. धुराने त्रासलेल्या रहिवाशांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली आदेश दिला आणि परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढील वर्षांत मुंबईच्या रिक्षा नैसर्गिक वायूवर आल्या, आणि हळूहळू चार-धावी एंजिने बसली. दारांवर दरवान आले. प्रीमियरचा कारखानाही आता नाही; त्या जागेवर कोहिनूर सिटी ही वसाहत उभी आहे.

इवल्या नौकेत मात्र नळीचे राज्य अबाधित आहे. कुर्ल्याजवळच मिठी नदी वाहते, विहार व पवई तलावांचे सांडवे तिला मिळतात. परंतु नदीची आजची अवस्था पाहता तेथे नौका सोडण्याचा विचार कोणी करू नये. स्वच्छ, संथ पाण्याचा तलाव हवा. खेळाडू एक फेरी घेतो, कान देऊन ऐकतो, नौका काठास आणतो, रबरी सांधा सैल करून नळी दोन मिलिमीटर आत सरकवितो, आणि ती पुन्हा पाण्यात सोडतो.